आईसाठी ब्युरोची केअरटेकर लावली, नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

संक्रांतीच्या दोन दिवस आधी आई बाथरूमात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून बॉल बदलावा लागला. वय 79. सुट्टी देताना डॉक्टरनं सांगितलं की खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांच्या मधात उशी ठेवायची, कमोडवर उंच सीट लावायची. आणि आमची आई म्हणजे जन्मभर पाटावर बसून भाजी निवडलेली बाई. मी बँकेत, नवरा महिन्यातले पंधरा दिवस टूरवर, पोरगी बारावीत. मग ओळखीतल्या एकांनी सांगितलं म्हणून ब्युरोकडून केअरटेकर लावली. ब्युरोचं नाव लिहीत नाही, आमचं अजून चालूच आहे त्यांच्याकडं.

रेट सांगून टाकते, कारण सगळे आधी तेच विचारतात. सकाळी 8 ते रात्री 8, रोजचे 750 रुपये, वरून एक महिन्याचं डिपॉझिट. हे सगळं खिशातून बरं का. 70 वर्षांवरच्यांना 5 लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतं, आईचं काढलेलं आहे, पण ते दवाखान्यात भरती असताना कामाचं, घरी कोणी आंघोळ घालायला येते त्याचा पैसा त्यात नाही. आमच्या मेडिक्लेमवाल्यानंही हात वर केले.

ब्युरोचा माणूस टॅब घेऊन आला होता, "मॅडम आम्ही सर्व्हिस नाही, माया देतो" म्हणे. मी तेव्हा इतकी थकून गेली होती की मला ते खरंही वाटलं.

पहिली आली ती एकवीस-बावीसची पोट्टी. स्वभावानं गरीब, पण आईला पलंगावरून उठवताना दोन्ही दंड धरून सरळ ओढलं तिनं. आई ओरडली, "काऊन वो, मले तुरीचं पोतं समजते का?" पाच दिवसांत ती गेली. दुसरी चांगली होती, कोर्स केलेली, सोळा दिवस राहिली आणि मग ब्युरोनं तिला परस्पर एका 24 तासांच्या पेशंटकडं टाकलं, तिकडं त्यांना जास्त सुटत असेल. आम्हाला सांगितलं तिच्या गावाला कोणी वारलं. नंतर ती मला मेट्रोत भेटली तेव्हा कळलं की कोणी वारलंबिरलं नव्हतं. तिसरी-चौथी आता चेहऱ्यानंही आठवत नाही. एप्रिलपर्यंत पाच झाल्या.

पाचजणी बदलल्या म्हणजे काय, हे मला तेव्हा समजलं नव्हतं. मला वाटायचं त्रास आपल्यालाच, दर वेळी नवीन बाईला गोळ्यांचा डबा समजावून सांगा, थायरॉईडची उपाशीपोटी, बीपीची नाश्त्यानंतर, चहात साखर किती ते सांगा. पण आईकडून पाहा ना. दर पंधरा दिवसांनी एक अनोळखी बाई, तिच्यासमोर लुगडं सोडायचं, तिला सांगायचं की मला संडासला ने. आईनं त्यावर आपला उपाय काढला. पाणीच पिणं कमी केलं. पाणी नाही प्यालं तर जावं लागत नाही, साधा हिशोब. जेवणही चिमणीसारखं.

आणि मग नवतपा लागला, म्हणजे मेच्या शेवटचे ते सगळ्यात तापणारे नऊ दिवस. नागपूरचा मे महिना कोणाला सांगायचा, 45 च्या वर पारा, कूलरसुद्धा गरम हवा फेकते. कूलरवरून आठवलं, कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं यावर ब्युरोशी माझे तीन फोन झालेत. त्यांचं म्हणणं ॲग्रीमेंटमध्ये "फक्त पेशंटचं काम" आहे, माझं म्हणणं कूलरसमोर पेशंटच झोपली आहे ना बाप्पा.

तर नवतप्यात एक दिवस आई मला तिच्या मोठ्या बहिणीच्या नावानं हाक मारायला लागली, दुपारी म्हणे इतवारीतल्या घराला कुलूप लावलं का. ते घर विकून तीस वर्षं झाली. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला, गेलं सगळं. रक्त तपासलं तर सोडियम 119, म्हणजे फारच कमी. डॉक्टर म्हणाले म्हाताऱ्या माणसात हे फार दिसते, बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध, त्यात खाणं नाही, वरून हा उन्हाळा. चार दिवस भरती. गोळी बदलली, आणि एक गोष्ट सांगितली जी मला उलटीच वाटली होती, की आता घाबरून साधं पाणी ढोसायला लावू नका, त्यानं सोडियम आणखी खाली जाते, मोजून द्या, ताकात मीठ घाला.

घरी येऊन मी ब्युरोचं रजिस्टर उघडलं. रोज सही करून ठेवतात ते. मे महिन्याच्या प्रत्येक पानावर बीपी 120/80, पाणी 2 लिटर, जेवण नॉर्मल, मूड आनंदी. एकाच पेनानं, एकाच बसणीत लिहिलेलं. ज्या दिवशी आई दवाखान्यात होती त्या दिवशीही मूड आनंदी! मी फोटो काढून पाठवले तर ऑफिसातली बाई म्हणते, मॅडम फॉरमॅट असते ते.

तिथंच बंद करणार होती. पण जूनमध्ये ही ताई आली, सहावी.

कामठीवरून येते. शेअर ऑटोनं ऑटोमोटिव्ह चौक, तिथून मेट्रो, जयप्रकाशनगरला उतरून पायी, पावसात भिजली तरी आठच्या आधी दारात. पहिल्या दिवशी तिनं आईला हातच लावला नाही. खुर्ची ओढून बसली, म्हणाली आई तुम्हीच सांगा कसं उठवू, कुठं दुखते. मग एक जुनी ओढणी मागितली, दुहेरी करून आईच्या कमरेला घट्ट बांधली, ती धरून उभं केलं, दंडाला हात नाही. आई वॉकर धरून उभी राहिली अन् माझ्याकडं अशी पाहून राहिली होती जसं काही मीच इतके दिवस तिला ओढत होती.

पाण्यासाठी तिनं दोन वाट्या घेतल्या. एका वाटीत सकाळी सहा शर्टाची बटणं. एक पेला झाला की एक बटण दुसऱ्या वाटीत. सहाच, कमी नाही जास्त नाही. आईला हा खेळ भारी आवडला, इतका की ताईची पाठ वळली की एखादं बटण गुपचूप इकडून तिकडं सरकवते. ताईला माहीत आहे. ती पेले वेगळे मोजते. सोडियम आता 136 आहे, म्हणजे नॉर्मल.

आता मुद्द्याचं. 750 मधले ताईला 480 मिळतात, सुट्टी घेतली की तेही नाही. मी विचारलं थेट लावू का तुला, तर ॲग्रीमेंटमध्ये कलम आहे, केअरटेकरला परस्पर ठेवलं तर डिपॉझिट जप्त आणि दोन महिन्यांचे पैसे वेगळे. बरं, मधातला हिस्सा घ्यावा, मला तक्रार नाही, पोलीस व्हेरिफिकेशन केलं, ही नाही आली तर दुसरी पाठवायची जबाबदारी घेतली, त्याचेच ते पैसे. पण दुसरी पाठवता कुठं तुम्ही?

दसऱ्याला ताईला सुट्टी पाहिजे होती, दीक्षाभूमीवर जायचं होतं, दरवर्षी घरचे सगळे जातात. तिनं वीस दिवस आधी सांगितलं, मला आणि ब्युरोलाही. नागपुरात धंदा करता, 1956 पासून लाखो लोक त्या दिवशी इथं येतात, तुमच्या निम्म्या पोरी तिकडं जाणार हे कळायला ज्योतिषी लागते का? तरी ऐनवेळी उत्तर काय, माणूस नाही. माझ्या दसऱ्याला आईची आंघोळ-ओढणी-बटणं मीच केली, जमलं बऱ्यापैकी, पण आई दिवसभर घड्याळ पाहून राहिली होती. दुसऱ्या दिवशी ताईनं तिथल्या दुकानातून आईला लाकडी फणी आणली. ब्युरोनं तिचा रोज कापला, अन् माझ्या बिलात तो दिवस लावून ठेवला. दोन फोन केल्यावर काढला.

रेटिंग द्यायचं तर ब्युरोला दोन स्टार, त्यातलाही एक ऑगस्टपासून एक सुपरवायझर बाई खरंच घरी येऊन पाठ उघडी करून पाहते, पडून पडून कुठं लाल डाग नाही ना पडला, म्हणून. ताईला किती द्यायचे ते आई ठरवेल.

कोणी लावणार असाल तर टॅबवाल्याला तीनच गोष्टी विचारा: हीच बाई किती दिवस राहील, ती नाही आली तर कोण येईल, त्या दुसरीला आधी एकदा घरी आणून पेशंटची ओळख करून देता का. आमचं ॲग्रीमेंट या महिन्यात संपून राहिलं. मी त्यांना लिहून दिलं की महिन्यातून दोन पगारी सुट्ट्या ताईला द्या, त्याचे जास्तीचे मी भरते, अन् बदलीची बाई एकच ठरवा. त्यांचा मेसेज आला, "वरच्यांना विचारून कळवतो." बारा दिवस झाले.