प्रमाणपत्र आधी की अंतर्गत कार्बन शुल्क?

पर्यावरणाची जबाबदारी वार्षिक अहवालापुरती न ठेवता धोरणात आणू पाहणाऱ्या उद्योगांना बहुधा दोन मार्गांतून निवड करावी लागते: आयएसओ १४००१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली उभारणे, किंवा स्वतःच्याच उत्सर्जनावर अंतर्गत कार्बन शुल्क आकारणे.

१९९६ साली आलेल्या आणि २०१५ साली बरेच बदललेल्या या मानकाची व्याप्ती निर्विवाद मोठी आहे; पाणी, कचरा, रसायने, कायदेपालन हे सारे त्यात येते, आणि ग्राहक निविदेतच प्रमाणपत्र मागत असतील तर प्रश्नच मिटतो. मात्र कामगिरीची किमान पातळी ते ठरवून देत नाही. उद्दिष्टे कंपनीनेच ठरवायची असल्यामुळे ती हवी तितकी माफक ठेवता येतात.

आमच्याकडे ही प्रणाली नीट चालू असतानाही मला एक गोष्ट सतत खुपत राहिली, ती म्हणजे निर्णय आधी व्हायचा आणि पर्यावरणाची नोंद मागाहून. खरेदी विभाग सर्वांत स्वस्त कॉम्प्रेसर निवडायचा, ऑर्डर निघायची, आणि मग त्याची वीजखपत पर्यावरणीय पैलूंच्या नोंदवहीत चढायची. नोंदवही बिनचूक असायची, ऑडिटमध्ये आक्षेपही निघायचा नाही. फक्त यंत्र तेच राहायचे.

शुल्काने हा क्रम उलटवला. मायक्रोसॉफ्टने २०१२ पासून ज्या पद्धतीने ते विभागांकडून वसूल केले, त्याच धर्तीवर उत्सर्जनाची रक्कम विभागाच्या अंदाजपत्रकातून वजा होऊ लागली, तेव्हा वीजखपतीची चौकशी विभागप्रमुख स्वतःहून, कोटेशन मागवतानाच करू लागले. नुसती कागदावरची 'छाया किंमत', म्हणजे वसूल न करता केवळ हिशेबात धरलेला उत्सर्जनाचा दर, मात्र, निदान माझ्या अनुभवात, प्रस्तावाच्या तक्त्यापलीकडे जात नाही.

शुल्काची मर्यादाही मान्य केली पाहिजे: ते पाण्याबद्दल किंवा घातक कचऱ्याबद्दल काहीच बोलत नाही. शिवाय स्कोप ३ मधील, म्हणजे पुरवठा साखळीसह कंपनीबाहेर होणाऱ्या इतर अप्रत्यक्ष उत्सर्जनाच्या, १५ वर्गांचे आकडे बरेचसे अंदाजाचे असल्याने, सुरुवात स्वतःचे इंधन आणि विकत घेतलेली वीज, म्हणजे स्कोप १ व २, एवढ्यावरच करणे बरे.

ज्यांचा मुख्य धोका सांडपाण्याचा किंवा रसायनांचा आहे, त्यांनी प्रणालीच आधी उभारावी. इतरांनी, प्रमाणपत्राची तातडी नसेल तर, शुल्कापासून सुरुवात करण्याचा विचार जरूर करावा. दर अगदी कमी असला तरी चालेल, पण रक्कम विभागाच्या खात्यातून खरोखर वजा व्हावी.