ब्रेकमध्ये तेलच नाही, तरी बिलात ब्रेक ऑइल: सायकल सर्व्हिसच्या पॅकेजमध्ये कसा गंडलो

दुकानापेक्षा स्वतःचाच राग जास्त येतोय. पाना हातात धरता येणाऱ्या माणसाने असं फसावं ही सरळ लाजेची गोष्ट आहे. ‘महिन्याला एक’ अशा सहा सर्व्हिसचं पॅकेज, पैसे आगाऊ. चार झाल्या. पॅकेज आणि वर लावलेले सुटे भाग धरून सायकलच्या किमतीच्या 41 टक्के रक्कम गेली. त्या चार महिन्यांत सायकल चालली फक्त 620 किलोमीटर. पॅकेज गळ्यात कसं मारतात ते सगळ्यांना माहीत आहे, ते पुन्हा उगाळत नाही.

चौथ्या बिलातली तिसरी ओळ अशी: ‘डिस्क ब्रेक ऑइल बदल, एअर काढणे, पुढे-मागे, 2 नग.’ माझ्या सायकलचे डिस्क ब्रेक वायरचे आहेत! त्यात तेल नसतंच. ही ओळ मी काउंटरवर उभं राहून वाचली, मान डोलावली आणि पैसे दिले. आता म्हणाल, एवढंही दिसलं नाही? तेलाचा पाइप आणि वायरचं आवरण दोन्ही काळे, दोन्ही साधारण 5 मिमी जाडीचे. डिस्क दिसली की तेल असणार असंच डोक्यात बसलेलं असतं. फरक कॅलिपरपाशी, म्हणजे डिस्कला पकडणाऱ्या भागापाशी कळतो. वायरचा ब्रेक असेल तर आवरण आधीच संपतं, पुढे उघडी तार दिसते आणि ती एका बोल्टखाली दाबलेली असते. तेलाचा पाइप थेट नटातून कॅलिपरमध्ये जातो, उघडी तार कुठेच नाही. पैसे देण्याआधी खाली वाकून बघायला पाच सेकंद लागली असती.

तिथून बिल उलगडत गेलं. ‘हब ओव्हरऑइलिंग, छर्रे 38 नग.’ हब म्हणजे चाकाचा मधला भाग, छर्रे म्हणजे त्यातल्या बेअरिंगच्या गोळ्या. आकडा अगदी बरोबर: पुढे दोन्ही बाजूंना 10-10, मागे 9-9. कोन-कपच्या, म्हणजे सुट्या छर्ऱ्यांच्या हबला इतकेच लागतात. माझ्या हबमध्ये मात्र सीलबंद कार्ट्रिज बेअरिंग आहेत, सुटा छर्रा एकही नाही. या बेअरिंगला महिन्याला ग्रीस काय, काहीच करायचं नसतं. एक्सल बोटांनी फिरवताना खरखर लागली किंवा चाक आडवं हलायला लागलं की बेअरिंगच बदलायचं. कोन-कपचं हब असेल तर वर्षातून एकदा उघडा, पावसात फार चालवत असाल तर आधी. बॉटम ब्रॅकेट (बीबी, पेडलच्या दांड्या ज्यावर फिरतात ते बेअरिंग) सीलबंद असेल तर त्यालाही हाच नियम. ‘बीबी ग्रीसिंग’चे पैसे मागितले तर आधी कोणता बीबी ते विचारा.

चेनचा प्रकार तर डोळ्यांदेखत झाला. पुढच्या चक्रावरची चेन मेकॅनिकने बोटाने वर उचलून दाखवली: ‘बघा, दात दिसतात, गेली.’ त्याचा डावा हात मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) चेन ताणून धरणारा पिंजरा पुढे ढकलून धरत होता. ताण सोडला की नवी कोरी चेनही उचलली जाते. तो हात मला दिसत होता, तरी हो म्हणालो. बिलात नवी चेन लागली. घरी पाहिलं तर क्विक लिंकवर (चेन जोडणाऱ्या कडीवर) पकडीचा तोच जुना ओरखडा. स्टीलच्या पट्टीने 24 अर्ध्या कड्यांचं अंतर मोजलं, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत. नव्या चेनला हे 304.8 मिमी म्हणजे बरोबर 12 इंच असतं. माझं भरलं 305.5, म्हणजे पाव टक्काही झीज नाही. अकरा-बारा स्पीडची (मागे तितकी चक्रं असलेल्या सायकलची) चेन अर्ध्या टक्क्याला बदलतात (साधारण 306.3 मिमी), दहा स्पीड किंवा कमी असेल तर पाऊण टक्क्यापर्यंत चालते. एक टक्क्याच्या पुढे गेली तर मागचे दातही खाल्लेले असतात. मग नवी चेन जोर लावताच दात सोडते आणि कॅसेटही (मागच्या चक्रांचा संच) घ्यावी लागते. माझी चेन बदलायची गरजच नव्हती, आणि ती बदललीही नाही. पैसे तेवढे गेले. जुना भाग हातात घेतल्याशिवाय बिल भरू नका.

चेनला झीज किलोमीटर, चिखल आणि पाऊस यांनी येते, कॅलेंडर उलटल्याने नाही. दर 150-200 किलोमीटरला किंवा भिजल्यावर फडक्याने पुसा, प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल, दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका. हवा आठवड्याला तपासा. नव्या सायकलची वायरची आवरणं पहिल्या काही आठवड्यांत बसतात, म्हणून तेव्हा एकदा गिअर जुळवून घ्यावे लागतात. चाकाचा आउट (फिरताना रिम डावी-उजवीकडे डुलणं) दिसला तरच काढायचा. दर महिन्याला ‘आउट काढला’ लिहिलेलं असेल तर चाकच नीट बांधलेलं नाही किंवा लिहिणारा खोटं बोलतोय.

आता तक्रारीचं. दुकान म्हणालं, ‘पॅकेजच्या ओळी कॉम्प्युटर आपोआप छापतो.’ मग पैसेही आपोआपच परत करा ना! सायकल कंपनीने हात वर केले, वॉरंटी फ्रेमची, सर्व्हिसचं दुकानदाराला विचारा. ग्राहक तक्रारीच्या फॉर्ममध्ये वाहन क्रमांक सक्तीचा. सायकलला कसला आलाय क्रमांक? शून्यं भरली, तर ‘क्रमांक अवैध’ म्हणून परत. दुसऱ्यांदा शेरा आला, ‘जुने सुटे भाग पुरावा म्हणून सादर करावेत.’ अहो, न काढलेली चेन सादर कशी करू? ती सायकललाच आहे, हीच तर तक्रार आहे! पोलीस म्हणाले बाब दिवाणी. वाहतूकवाले म्हणाले सायकल मोटार वाहनात येत नाही. 47 दिवसांत चार टेबलं फिरलो, बिलाची तिसरी ओळ एकानेही वाचली नाही.

सगळ्यात चीड येते ती मागच्या ब्रेकची. चारही बिलांवर ‘ब्रेक पॅड तपासले’पुढे बरोबरची खूण आहे. चाक काढून पाहिलं तर मागच्या पॅडवर अर्धा मिमीही मसाला उरला नव्हता. 1 मिमीच्या खाली गेलं की बदलायचंच असतं, नाहीतर पॅडमागची लोखंडी पट्टी डिस्क खरवडते. बदलायला एक पिन काढायची, जुनं पॅड ओढायचं, नवं सरकवायचं, डिस्क अल्कोहोलने पुसायची आणि वेग घेऊन पंधरा-वीस वेळा हळूहळू ब्रेक दाबायचा. चेनच्या तेलाचा स्प्रे डिस्कच्या जवळपासही मारू नका. खऱ्या कामाची हीच एक गोष्ट होती आणि नेमकी तीच राहिली. उरलेल्या दोन सर्व्हिसचे पैसे परत मागितले, तर म्हणे पॅकेज अर्ध्यात मोडता येत नाही.