जहाजाच्या कप्प्या आणि 24,110 रुपयांची टोपी

"घरबसल्या मॉडेल जहाजांचे सुटे भाग बनवा, सगळा माल आम्ही विकत घेऊ" असं कोणी सांगितलं तर तिथल्या तिथे फोन ठेवा. काम देणारा पैसे देतो, मागत नाही.

मी रेल्वेत फिटर होतो, आता अमळनेरला असतो. लाकडी जहाजं करायचा नाद जुना. कप्प्या, नांगर, तोफा सगळं हातानं. 1:72 च्या मापात खरा फूट सव्वाचार मिलिमीटरचा होतो, म्हणजे कप्पी केवढी ते बघा. सागवान इथे कामाचं नाही, रेषा जाड, भोक पाडलं की चिरतं. मी हळदू वापरतो. सांगायचं एवढंच, की हातातलं काम कळत नव्हतं म्हणून फसलो असं कोणी समजू नये.

व्हॉट्सअॅपवर जाहिरात आली. सुरतची एक्स्पोर्ट कंपनी, कप्पीला 18 रुपये, पितळी तोफेला 65. डिपॉझिट 12,500, 'फुल रिफंडेबल'. स्टँपपेपरवर करार, जीएसटी नंबर, सही-शिक्का, सगळं होतं. घरात ज्याला 'म्हाताऱ्याची खेळणी' म्हणतात त्याला पहिल्यांदाच कोणी भाव देत होतं. भरले.

किट आलं. इथेच कळायला हवं होतं, इथेच! नमुन्याच्या डबीत 'डेडआय' म्हणून जे ठेवलं होतं त्याला चार भोकं. अहो, डेडआयला तीन भोकं असतात! डोलकाठीला धरणारे जाड दोर त्या तीन भोकांतून दोरी ओवून ताणतात. भिंगाखाली धरलं, तर मधे खोलगट, कडेला गोल किनार. शर्टाचं लाकडी बटण होतं ते! विचारलं तर, "सर, क्लायंटचं डिझाइन आहे." स्केल कुठलं? "स्टँडर्ड." आता मला सांगा, 12,500 अडकलेले, गिऱ्हाईक परदेशातलं, शोभेचा माल असेल असं कोणालाही वाटणार की नाही?

मग 'सँपल अप्रूव्हल'चे 3,540. तीन हजारांवर 18 टक्के जीएसटी, चोराचा हिशेब मात्र चोख. 400 कप्प्या करून पाठवल्या, कुरिअरचे 310. उत्तर आलं, जाडीत फरक, लॉट रिजेक्ट. मी नगन् नग मायक्रोमीटरनं मोजलाय! पण 7,200 चा माल त्यांच्याकडे, म्हणून 'री-इन्स्पेक्शन'चे 5,900 पण दिले. नंतर फोन बंद. पितळी तार आणि बारीक ड्रिल 1,860. बेरीज वर लिहिलीच आहे. रिजेक्ट केलेला माल आपण परत मागून बघा, जो खरा असेल तो परत देईल.

भाचा सुरतेत असतो, त्याला पत्त्यावर पाठवलं. तिथे साड्यांचं पॅकिंग चालतं, कंपनीचं नाव कोणी ऐकलेलंही नाही. पैसे भरायच्या आधी पाठवा कोणाला तरी, सुरत काही लांब नाही.

आता पोलिसांचं ऐका. "आप्पा, सही तुम्हीच केली ना? मग दिवाणी मामला आहे, वकील गाठा." दुसरे साहेब म्हणाले, सुरतेला जा, आमची हद्द नाही. तिसऱ्यानं जहाजाचा फोटो बघून विचारलं, "हे पाण्यात चालतं का?" बँकेत म्हणे, पिन तुम्ही टाकला, आमचा संबंध नाही. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार घेतली खरी, पण पैसे तोवर खात्यातून पुढे सरकलेले. म्हणून संशय आला की त्याच मिनिटाला 1930 फिरवा, लाजत बसू नका. पोर्टलवर माझी तक्रार अजून 'प्रक्रियेत' आहे. कसली प्रक्रिया? खातं कोणाचं हे बँकेला माहीत, नंबर कोणाचा हे मोबाइल कंपनीला माहीत, फक्त मला तेवढं सांगायचं नाही! घरी बायको म्हणते, "गयात ना पैसा, आते रडीसन काय फायदा?" चॅट मात्र पुसू नका, पावत्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, करार पाठवतात तो आधी वकिलाला दाखवा.

परवा चोपड्याच्या एका ओळखीच्या बाईंनी जाहिरात दाखवली. फोटो तोच, नाव दुसरं, डिपॉझिट आता 15,000.