बॅक बटण फोकस: नऊ महिने वापरून झाल्यावर

फोकस शटरऐवजी कॅमेऱ्यामागच्या बटणाने करायचा, हे गेल्या जुलैत सुरू केलं, आता एप्रिल. कॅमेरा निकॉन डी७५००, लेन्स २००-५०० एमएम. ह्या बॉडीला फोकससाठीचं वेगळं एएफ-ऑन बटण नाही, म्हणून अंगठ्याजवळच्या एई-एल/एएफ-एल बटणालाच ते काम लावलं, मोड कायम एएफ-सी, म्हणजे बटण दाबून आहे तोवर फोकस सतत जुळत राहतो. म्हणजे शटर फक्त फोटो काढणार, फोकस अंगठ्याकडे.

पहिले पंधरा दिवस नुसता वैताग, अंगठा दाबायलाच विसरायचो. गणेश चवथीला तर कहर झाला, भावोजींच्या हातात कॅमेरा दिला, माटोळीखाली (गणपतीवर बांधतो ती फळाफुलांची आरास) सगळं घर उभं, आणि एकूणएक फोटो धूसर, कारण मागचं बटण दाबा हे मी सांगितलंच नव्हतं. बायको अजून ऐकवते.

खरा फायदा कळला डिसेंबरात, गोव्यात करमळीच्या तळ्यावर. कमळपक्षी गवतातून चाललेला, आधी असं असलं की शटर अर्धं दाबताच फोकस पुढच्या पात्यावर जायचा आणि पक्षी गेला बाराच्या भावात. आता पक्षी मोकळ्यात आला की अंगठा दाबायचा, गवताआड थांबला की सोडायचा, फोकस आहे तिथंच राहतो, मग फ्रेम हवी तशी हलवा आणि काढा फोटो. उडाला तर परत दाबून धरायचं, बस. एएफ-एस (एकदाच फोकस करून थांबणारा मोड) की एएफ-सी ही कटकटच संपली.

पण हे जमिनीवर! रायबंदरहून फेरीने चोडणला गेलो, तिथं होडीतून खारफुटीतला खंड्या टिपताना हीच सवय अंगाशी आली. होडी हळूहळू सरकत असते, ५०० एमएमला एफ/५.६ वर डेप्थ (फोकसमध्ये येणारा पट्टा) अगदी पातळ, अंगठा सोडला की दोन सेकंदांत डोळा सॉफ्ट. होडीत अंगठा दाबूनच ठेवायचा, फांदी आड आली तर आली.

आणखी एक, हे मला उशिरा कळलं. अंगठ्याच्या बटणाने व्हीआर (हाताची थरथर सावरणारी लेन्समधली सोय) सुरू होत नाही, त्यासाठी शटर अर्धं दाबावंच लागतं. त्याशिवाय ५००ला व्ह्यूफाइंडरमध्ये पक्षी नाचतो नुसता, आणि मी महिनाभर लेन्सलाच शिव्या देत होतो. वर ही लेन्स २३०० ग्रॅमची, हातात धरून अंगठा सारखा दाबायचा म्हणजे तासाभरात मनगट बोलायला लागतं.

घरच्या फोटोंसाठी आता यू२ वर (डायलवरची आपली सेटिंग साठवायची जागा) शटरवालाच फोकस सेव्ह करून ठेवलाय. तरीही भावोजी कॅमेरा हातात घेत नाहीत, मोबाईल काढतात.