एक किलोमीटरचा अंदाज आणि आमची अडीचशे कलमं

देवगड तालुक्यात, खाडीच्या वरच्या कातळावर आमची हापूसची अडीचशे कलमं आहेत. सासऱ्यांनी सुरुंग लावून खड्डे फोडले, माती वाहून आणून भरली आणि एकेक कलम वाढवलं. आता बाग मी बघते. २०२५ च्या जानेवारीत मी एका खासगी कंपनीच्या हवामान सेवेची वर्षाची वर्गणी भरली, २,४०० रुपये. जाहिरातीत लिहिलं होतं, 'तुमच्या बागेपुरता अंदाज, एक किलोमीटरपर्यंत अचूक'. मोहोरापासून पेटी भरेपर्यंतचा एक हंगाम आणि त्यानंतरचा एक पावसाळा मी ती रोज वापरली. सेवेचं नाव लिहीत नाही, कारण याच पद्धतीच्या तीन-चार सेवा बाजारात आहेत आणि मला जे सांगायचंय ते त्या सगळ्यांच्या बाबतीत विचारात घ्यावं असं आहे.

आधी जे मनापासून आवडलं ते. वाऱ्याचा तासागणिक आलेख. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, वाहते, ती कधी आठ वाजता पडते, कधी दहा वाजले तरी जोरात असते. मतलई चालू असताना फवारणी केली तर औषध झाडावर कमी आणि गडग्यापलीकडे जास्त जातं. ती पडल्यावर आणि समुद्राकडचा खारा वारा सुटायच्या आधी जो शांत वेळ मिळतो, तेवढ्यात आम्हाला तुडतुड्यांची आणि भुरीची फवारणी उरकायची असते. पंप, पाइप ओढणारे तीन गडी, दोनशे लिटरचे बारा-तेरा ड्रम. आमच्या बागेत एका फेरीचा खर्च वीसएक हजार येतो. आदल्या रात्री तो आलेख बघून गड्यांना सहाला बोलवायचं की आठला, हे मी ठरवत होते आणि बहुतेक वेळा ते जमलं. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा माझी वर्गणी वसूल झाली असं मी म्हणेन.

पण पावसाच्या बाबतीत ती मला महागात पडली.

एप्रिलमध्ये फळ अंड्याएवढं झालं होतं आणि फुलकिड्यांसाठी फवारणी चालू होती. सकाळी मोबाइलवर 'पाऊस ० टक्के' होतं. दुपारी जेवून उठलो, तर आमच्याकडे वीस वर्षं असलेले काका पूर्वेकडे बघत म्हणाले, "वयनी, घाटार ढग चढले. आज दुसरो ड्रम कालवू नको." मी मोबाइल परत उघडला. अजून शून्यच. मी म्हटलं, काका, उरकून टाकूया. चार वाजता मळभ आलं, साडेचारला वीस मिनिटं पाऊस पडला आणि दुपारची सगळी फवारणी धुऊन गेली. नंतरच्या दमटपणाने काही फळांवर करप्याचे डागही आले. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण काकांचं ऐकलं नाही याची टोचणी जास्त राहिली.

त्या रात्री कंपनीला लिहिलं. पाच दिवसांनी उत्तर आलं आणि त्यात जे कळलं ते सगळ्या बागायतदारांना ठाऊक असावं म्हणून लिहिते. या सेवेचं स्वतःचं मॉडेल, म्हणजे नकाशावर चौकोनांची जाळी आखून संगणकावर हवेचं गणित करणारी प्रणाली, नाही. सेवा जागतिक मॉडेलचे आकडे घेते आणि त्या जाळीच्या दोन ठिपक्यांमधले आकडे गणिताने भरून काढते. युरोपियन हवामान केंद्राच्या मॉडेलची जाळी सुमारे नऊ किलोमीटरची, अमेरिकेच्या जीएफएस या मॉडेलची साधारण तेरा किलोमीटरची. त्यातून एक किलोमीटरचा आकडा काढणं म्हणजे गावाचा नकाशा मोठा करून बघणं. नकाशा मोठा केला म्हणून त्यात नवी पाणंद उमटत नाही. खरोखर बारीक जाळीवर गणित चालवणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे डोंगराची उंची, जमीन, समुद्र हे सगळं त्या बारीक चौकोनात घालून हवा कशी चढेल, ढग कसा होईल ते नव्याने मोजावं लागतं, आणि त्याला प्रचंड ताकदीचा संगणक लागतो.

आपल्याकडे जाळीचा आकार इतका महत्त्वाचा का, ते देवगडहून फोंडा घाटाकडे बघितलं की समजतं. सरळ रेषेत किनाऱ्यापासून घाटमाथा पन्नासएक किलोमीटरवर आहे. पंचवीस किलोमीटरच्या जाळीत समुद्र, कातळ, कणकवलीचा सखल भाग आणि सह्याद्री हे सगळं दोन चौकोनांत बसवायचं, म्हणजे सह्याद्री एक लांबलचक उतार होऊन जातो. बारा किलोमीटरच्या जाळीत चार चौकोन मिळतात, सहाच्या जाळीत आठ. पावसाळी वारा त्या भिंतीवर चढतो म्हणून आंबोलीला आमच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो, आणि ती भिंत गणितात नीट उभीच नसेल तर पाऊस कुठे पडेल ते कुठून कळणार? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेली सहा किलोमीटरची भारत फोरकास्ट सिस्टीम २६ मे २०२५ रोजी सुरू झाली, त्याआधी आपलं जागतिक मॉडेल बारा किलोमीटरचं होतं. त्यासाठी पुण्यात 'अर्क' नावाचा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा (हे गणिताच्या वेगाचं माप) महासंगणक बसवलाय. ही बातमी वाचली तेव्हा मी कागदावर किनाऱ्यापासून घाटापर्यंत आठ चौकोन काढले आणि आमची बाग दुसऱ्या चौकोनात येते का ते बघितलं. पहिल्या की दुसऱ्या, यावर फार काही अवलंबून असतं.

कारण पहिला चौकोन अर्धा समुद्रात असतो. मी वर्गणी भरली तेव्हा ॲपने जीपीएसवरून बागेची खूण आपोआप लावली, आणि मार्चमध्ये तापमान कायम ३१-३२ दाखवत राहिलं. माझ्या पडवीतला तापमापक ३७ दाखवत होता, कातळावर तर उभं राहवत नव्हतं. मॉडेलच्या लेखी आमची बाग पाण्यात होती. मी खूण बोटाने पाच किलोमीटर पूर्वेला, आतल्या गावावर सरकवली आणि दुपारचं तापमान पडवीतल्या आकड्याच्या जवळ आलं. वाराही उतरला, आधी तो समुद्रावरचा म्हणून जास्त दाखवत होता. कडक उन्हात फळ भाजतं, गर आतून बिघडून साका होतो, त्यामुळे हे पाच अंश आमच्यासाठी साधे नाहीत. किनाऱ्याला बाग असेल तर ही खूण पहिल्या दिवशीच तपासा. ॲप हे तुम्हाला कुठेही सांगत नाही, आणि माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. कोणतं मॉडेल, कोणत्या वेळचं, चौकोन जमिनीवरचा की पाण्यावरचा, हे ग्राहकाला दिसलं पाहिजे.

वेळेचं तसंच. पहाटे साडेपाचच्या निरीक्षणांवर सुरू झालेलं जागतिक मॉडेलचं गणित आपल्या हातात दुपारच्या सुमाराला येतं. सकाळी सातला मी जे वाचते ते आदल्या संध्याकाळी किंवा रात्री सुरू झालेलं असतं. ॲपवर 'दहा मिनिटांपूर्वी अद्ययावत' असं हिरव्या अक्षरांत येतं, तेव्हा फक्त पडदा ताजा झालेला असतो.

एप्रिलच्या त्या दिवसानंतर मी उपग्रहाची चित्रं बघायला शिकले. ही हवामान खात्याच्या संकेतस्थळावर फुकट असतात. १७ फेब्रुवारी २०२४ ला श्रीहरिकोट्याहून सोडलेला इन्सॅट-३डीएस आणि त्याच्या आधीचा २०१६ चा ३डीआर, दोन्ही आपल्या डोक्यावर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर एका जागी थांबलेले. दिवसाच्या दृश्य प्रकाशातल्या चित्राची बारकाई एक किलोमीटरची आहे आणि हा एक किलोमीटर खरा आहे. मी त्या दिवसाचं दुपारी दीडचं चित्र शोधून काढलं. घाटाच्या रेषेवर फुलकोबीसारखे पांढरे गड्डे ओळीने उभे होते. अडीचच्या चित्रात ते फुगून पश्चिमेला सरकले होते. काका डोळ्यांनी बघत होते तेच, फक्त वरून. पावसाळ्याआधीचे वळीव आपल्याकडे बहुधा असेच येतात, दुपारी घाटावर तयार होतात आणि वरचा वारा पूर्वेचा असला की संध्याकाळी किनाऱ्याकडे येतात.

आता एप्रिल-मेमध्ये दुपारी एक ते दोनच्या मध्ये मी चित्र बघते आणि मगच दुपारचा ड्रम कालवायचा की नाही ते ठरवते. चित्रावरची वेळ कधीकधी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. शिवाय चित्र पडद्यावर यायलाही थोडा वेळ जातो, म्हणून ढग आपल्याला दिसतो त्याहून पुढे आलेला असतो हे धरून चालायचं. त्याच्या जोडीला गोव्याचं डॉपलर रडार. पणजी आमच्यापासून शंभरएक किलोमीटरवर, त्यामुळे पाऊस प्रत्यक्ष पडायला लागलेला ढग त्यात चांगला दिसतो. एवढ्यावर दोन-तीन तासांपुरतं मी आता कुठल्याही ॲपपेक्षा स्वतःवर जास्त विसंबते. काकांना चित्र दाखवलं तेव्हा त्यांनी बोट ठेवून विचारलं, "ह्या फोंडो काय?" फोंडाच होता.

पैसे घेणाऱ्या या सेवेत मात्र उपग्रहाचं चित्र तीन बोटं खाली, एका जाहिरातीच्या मागे लपवलंय.

मे महिन्याचं श्रेय द्यायला हवं. २०२५ चा मे कोणी बागायतदार विसरणार नाही. झाडावर शेवटचा आंबा होता आणि कर्नाटक किनाऱ्याजवळ समुद्रावर वाऱ्याची फिरकी होणार हे चार-पाच दिवस आधीपासून मॉडेलमध्ये दिसत होतं. तिथे बारीक जाळीची गरजही नव्हती, एवढी मोठी प्रणाली जाड जाळीतही सापडते. अरबी समुद्रावर वेधशाळा जवळजवळ नाहीत, तिथलं बहुतेक निरीक्षण उपग्रहच मॉडेलला पुरवतात. २०२२ च्या ईओएस-०६ या उपग्रहावरचं उपकरण तर पाण्याच्या खडबडीतपणावरून समुद्रावरचा वारा मोजतं. सेवेने मला मराठीत स्पष्ट संदेश पाठवला, 'पुढील चार दिवसांत काढणी पूर्ण करा'. आम्ही आंबा चौदा आणे तयार व्हायची वाट न बघता बारा आणे तयार झालेलाही उतरवला, रात्री बॅटरी लावून पेट्या भरल्या. २४ मे रोजी ते तीव्र कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनारा ओलांडून गेलं आणि २५ ला मान्सून देवगडात पोचल्याचं जाहीर झालं, नेहमीच्या कितीतरी आधी. आंबा घरात होता. दर कमी मिळाला, पण आढीत पिकला.

पावसाळ्यात सेवा जवळजवळ बिनकामाची. जुलैत ती रोज 'मुसळधार' म्हणते, ते सांगायला पैसे कशाला? मी अंगणात पर्जन्यमापक लावलाय आणि रोज सकाळी साडेआठला वाचून वहीत लिहिते, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठला संपतो. सेवेचा दिवस मध्यरात्री संपतो. सकाळी साडेआठनंतर मध्यरात्रीपर्यंत पडलेला पाऊस सेवेकडे त्याच तारखेला आणि माझ्या वहीत दुसऱ्या दिवशीच्या तारखेला जातो, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी मांडले की सारखे एका दिवसाने चुकलेले वाटतात. महिनाभर मला ही सेवेची चूक वाटत होती, ती चूक नव्हती. खात्याच्या भाषेत ६४.५ मिलिमीटरच्या वर 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार' आणि २०४.४ च्या पुढे 'अत्यंत जोरदार', हे आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. जुलैत उपग्रहाचं रात्रीचं चित्रही जपून वाचावं लागतं. ते ढगाच्या माथ्याच्या थंडपणावरून उंची ओळखतं, आणि आपला मान्सूनचा ढग बऱ्याचदा बुटका, कोमट माथ्याचा असतो. चित्रात करडा, अंगणात धो धो.

विम्यासाठी कोणी ही सेवा घेत असेल तर घेऊ नये. हवामानावर आधारित फळपीक विम्यात आपल्या महसूल मंडळातल्या ठरलेल्या हवामान केंद्राची नोंद धरतात, मोबाइलवरचा आकडा कोणी विचारत नाही. विजांसाठी आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप फुकट आहे, वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळातली वीज दाखवतं. गडी झाडावर असताना मी ते चालू ठेवते. दिरांची होडी आहे, ते लाटांसाठी आणि मासळीच्या पट्ट्यांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र माहिती केंद्राचाच अंदाज बघतात, त्यांना या सेवेची गरज पडली नाही.

तारेच द्यायचे तर पाचातले तीन. वाऱ्यासाठी आणि मोठ्या प्रणालीच्या इशाऱ्यासाठी ते तीन, एक किलोमीटरच्या दाव्यासाठी दोन कापले. वर्षाची वर्गणी या महिन्यात संपली. महिन्याचा २५० रुपयांचा पर्याय आहे असं चौकशी केल्यावर कळलं, जाहिरातीत तो नव्हता. जानेवारी ते मे एवढे पाच महिने घेतलेत. मोहोर या वर्षी दोन टप्प्यांत आलाय, उद्या मतलई नऊपर्यंत पडेल असं आलेख सांगतो, गड्यांना साडेआठला बोलावलंय. खूण अजून आतल्या गावावरच ठेवली आहे.