कापडी बेबी रॅप : कॉलिक असलेल्या बाळासाठी वापरून पाहिल्यावर

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे ताणले जाणारे रॅप सगळे साधारण सारखेच. पाचेक मीटर लांब सुती कापड, त्यात थोडं स्पॅन्डेक्स. ना बक्कल, ना पट्टे. कमरेला आणि खांद्यांवरून गुंडाळायचं, पुढच्या फुलीत बाळ छातीशी उभं बसवायचं. घेण्याआधी वाचलेल्या रिव्ह्यूंमध्ये एक वाक्य सारखं भेटायचं : ‘आमचं कॉलिक पूर्ण गेलं!’ (कॉलिक म्हणजे धडधाकट तान्ह्या बाळाचं कारण न सापडणारं, तासन्‌तास चालणारं रडणं.) त्या वाक्यासाठीच हे लिहायला बसलेय.

माझं लेकरू मार्चअखेरचं. बाळंतपण माहेरी, कोल्हापुरात मंगळवार पेठेत. तिसऱ्या आठवड्यापासून तिन्हीसांजेला जे रडणं सुरू व्हायचं ते रात्री जेवणं उरकली तरी चालूच. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी, चेहरा लालबुंद. पाजलं, ढेकर काढली, लंगोट बदलला, तरी तेच. आई म्हणाली मुरडा. बेंबीभोवती हिंगाचा लेप झाला. शेजारच्या काकूंनी विचारलं, “तांबडा रस्सा वरपलास काय गं?” बाळंतिणीला तांबडा कोण देतंय! आळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू यापलीकडे ताटात काही नव्हतं. मालीशवाल्या मावशींनी दृष्ट काढली. दृष्ट काढून कुणाचं काही बिघडत नाही, पण धुरी मात्र मी बंद करायला लावली.

डॉक्टरांनी वजन पाहिलं, नीट वाढत होतं. ताप नाही, हिरवी उलटी नाही, शीतून रक्त नाही, बाळ एरवी दूध ओढतंय, हसऱ्या डोळ्यांनी बघतंय. मग हे कॉलिक, असं त्यांनी सांगितलं. (यातलं काहीही वेगळं असेल, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप असेल, तर रॅप-बिप बाजूला ठेवून थेट दवाखाना.) जुनी व्याख्या १९५४ सालची, वेसेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांची : दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त रडणं. आता डॉक्टर घड्याळ लावून बसत नाहीत. कारण नक्की कुणालाच सांगता येत नाही. पोटात गॅस असतो हे खरं, पण रडताना हवा गिळूनही तो होतो. सहाव्या आठवड्याच्या आसपास रडणं टोकाला जातं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं.

आता हिशोब करा. दीड महिन्याचं बाळ टाहो फोडतंय म्हणून तुम्ही जे काही मागवाल, थेंब, बाटली, पाळणा, रॅप, ते पुढच्या दोन महिन्यांत ‘लागू पडणार’च. पाच तारे त्या वस्तूला मिळतात, काम वयानं केलेलं असतं. ग्राइप वॉटर १८५१ पासून विकलं जातंय ते काही उगाच नाही. आम्हाला ते आणि गुटी दोन्ही बंद होतं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, आणि गुटीतला मध तर वर्षभर नाहीच, त्यातून बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा, धोका असतो. आईचा दोन दिवस अबोला होता यावरून.

मग रॅपनं केलं काय? बांधून घरात फेऱ्या मारल्या की हुंदके कमी व्हायचे, कधी डोळा लागायचा. खाली ठेवलं की पुन्हा सूर. याबद्दल दोन अभ्यास आहेत आणि त्यांचं आपसात जुळत नाही. १९८६ मध्ये माँट्रियलच्या हुन्झिकर आणि बार यांना दिसलं, की जास्त वेळ कडेवर असणारी सहा आठवड्यांची बाळं ४३ टक्के कमी रडतात. पण ती साधी बाळं होती. १९९१ मध्ये बार यांनीच कॉलिकच्या बाळांवर तेच पाहिलं, तेव्हा फरक पडला नाही. माझा अनुभव दुसऱ्या अभ्यासाकडे झुकतो. तरी पैसे वसूल झाले, कारण बाळ माझ्याकडून दुसऱ्याकडे गेलं. पप्पा रोज संध्याकाळी नातवाला बांधून रंकाळ्यावर फिरायचे, आणि मला तेवढा वेळ पाठ टेकता यायची. पहिल्याच दिवशी त्यांना कुणीतरी हटकलं, “काय आबा, नातू पळून जातोय म्हणून बांधून घातलाय व्हय?” पप्पांना त्याचा भारी अभिमान. पुढे ते न विचारणाऱ्यांनाही गाठी मारून दाखवायचे.

तक्रारी आहेत. मे महिन्यात दोघंही घामानं निथळतात. बाळाला फक्त लंगोट घाला. बाहेर रस्त्यावर बांधायला गेलात तर टोकं चिखलात. पावसाळ्यात धुतलेला रॅप दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि कोल्हापूरचा आषाढ तुम्हाला माहीत आहे. दसऱ्यापर्यंत बाळ साडेसात किलोच्या पुढे गेलं, तेव्हा कापड लोंबायला लागलं.

बांधताना बाळाचा चेहरा कायम दिसला पाहिजे, नाक मोकळं, हनुवटी छातीला टेकलेली नको, गुडघे ढुंगणापेक्षा वर. बांधून स्वयंपाक नको. आणि रॅपमध्ये बाळ घेऊन अॅक्टिव्हावर बसणाऱ्या आया मी राजारामपुरीत पाहिल्यात, हात जोडून सांगते, नका करू. वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

रॅपही चालत नाही अशा रात्री येतात. डोकं फिरायला लागलं की बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून मी गच्चीवर जायची. पाच-दहा मिनिटं रडल्यानं काही होत नाही. पण वैतागून बाळाला गदागदा हलवल्यानं मेंदूला इजा होते.

पाचपैकी साडेतीन. घरात उचलायला दुसरे हात असतील तर घ्या, एकटीनं सगळं करायचं असेल तर गाठींचा व्याप नको, बक्कलवाला बघा. रंग गडद घ्या, फिक्यावर उलटीचे डाग राहतात.