आठवड्याचे एकदम शिजवावे की रोजचे रोज? हात आखडता असतानाची निवड

पैशाची ओढाताण सुरू झाली की पहिली कात्री लागते ती खाण्याला, कारण भाडे, वीज आणि कर्जाचा हप्ता यांना थांब म्हणता येत नाही. बाहेरचे खाणे बंद करावे, घरी शिजवावे, धान्ये, कडधान्ये आणि मोसमातल्या भाज्या यांवर भर द्यावा, इथपर्यंत बहुतेकांचे ठरलेले असते. पेच पडतो तो त्यानंतर. सुट्टीच्या दिवशी आठवड्याभराचे जेवण एकदम शिजवून डबे भरून ठेवायचे, की घरात कोरडा शिधा ठेवून रोज लागेल तेवढेच शिजवायचे? या दोन्ही पद्धतींनी मी तंगीच्या काळात स्वयंपाक केला आहे आणि आता त्यांपैकी एकीवर स्थिरावलो आहे. प्रत्येकाची कामाची वेळ, घरातली माणसे आणि स्वयंपाकघर वेगळे असल्यामुळे माझा निर्णय सर्वांना लागू पडेल असे नाही, पण तो ज्या कारणाने झाला ते कारण निवड करण्यापूर्वी तपासून पाहण्यासारखे आहे.

एकदम शिजवण्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. अर्ध्या कुकरच्या मानाने भरलेल्या कुकरला दुप्पट इंधन लागत नाही, भांडी एकदाच घासावी लागतात आणि भाजी एकाच फेरीत घेतली जाते. मात्र या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण हा की ती थकलेल्या संध्याकाळची सोय करते. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला चूल पेटवणे जिवावर येते आणि नेमक्या त्याच वेळी बाहेरून काहीतरी मागवले जाते. अशी एक संध्याकाळ दोन-तीन दिवसांच्या शिध्याचे पैसे सहज खाऊन टाकते. समोर तयार डबा असला की हा मोह होत नाही, आणि ज्यांचे घरी परतणे रोज उशिरा होते त्यांच्यासाठी एवढे एक कारणही पुरेसे ठरू शकते.

पोषणाच्या दृष्टीने दोन्ही पद्धती जवळजवळ सारख्याच आहेत. निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे 0.8 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 60 किलो वजनाच्या माणसाला साधारण 48 ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या मसुरातून त्यांपैकी जवळपास निम्मी मिळतात, पाव किलो तांदूळ किंवा गहू बहुतेक उरलेली भरून काढतो आणि एका अंड्यातून सहा ग्रॅमची भर पडते. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक आवश्यक घटक, कमी असते आणि कडधान्यात ते भरपूर असते, त्यामुळे ही जोडी स्वस्त असूनही कमअस्सल नाही. हे गणित अन्न आज शिजवले की चार दिवसांपूर्वी, यावर अवलंबून नाही. फरक पडतो तो क जीवनसत्त्वाला, कारण ते उष्णतेने आणि वेळेबरोबर घटते, पाण्यात उतरते आणि पुन्हा गरम करताना आणखी कमी होते. कडधान्यांतले लोह शरीरात नीट शोषले जाण्यासाठी त्याच जेवणात क जीवनसत्त्व असणे उपयोगाचे असते. तरीही वाढताना लिंबू पिळले किंवा कच्चा कोबी चिरून बरोबर घेतला की ही उणीव दोन्हीकडे भरून निघते, म्हणून या मुद्द्यावर मी कोणालाही पद्धत बदलायला सांगणार नाही.

माझा निर्णय ज्या त्रासाने केला तो अगदी साधा आहे. आठवड्याच्या मध्यावर फ्रीजच्या मागच्या बाजूला एक डबा सापडतो. झाकणाच्या आत पाण्याचे थेंब जमलेले असतात, वरची डाळ आळून तिच्यावर पातळ साय धरलेली असते, कडेची शिते टणक झालेली असतात, आणि तो डबा नेमका कोणत्या दिवशी भरला हे घरात कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. मग त्याचा वास घेतला जातो. वास ठीक वाटतो, तरी मन घट्ट होत नाही, आणि मन का घट्ट होऊ नये याला आधार आहे. भातात आढळणाऱ्या बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचे टणक कवचातले सुप्त रूप, उकळण्यानेही मरत नाहीत. शिजलेले अन्न बराच वेळ कोमट राहिले तर ते वाढीला लागतात, आणि उलट्या घडवणारे त्यांचे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. अशा अन्नाला वास येईलच असे नसते. म्हणूनच शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे, आतले तापमान 4 ते 5 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये आणि तीन-चार दिवसांत ते संपवावे, असे सांगितले जाते. या हिशेबाने सातव्या दिवसाचा डबा नुसत्या फ्रीजमध्ये बसतच नाही. त्यासाठी उणे 18 अंशांवर चालणारा फ्रीझर हवा, त्यात जागा हवी आणि विजेचा भरवसा हवा. पैसे कमी असलेल्या घरात या तिन्ही गोष्टी एकत्र असतातच असे नाही.

शंका आलेला डबा मग टाकला जातो. तंगीच्या दिवसांत हाताने रांधलेले अन्न टाकून देण्याइतके जिवाला लागणारे दुसरे काही नसते. त्यात नुसते अन्न जात नाही, तर इंधन, मसाला, तेल आणि सुट्टीची सकाळ यांवरही पाणी पडते. न टाकता भीतभीत खाल्ले आणि पोट बिघडले, तर औषधांचा आणि बुडालेल्या कामाचा भुर्दंड वेगळाच. शिवाय डबा उत्तम राहिला तरी माणूस तसाच राहत नाही. तेच तेच खाऊन जीभ विटते, आणि तयार अन्न घरात असताना पावले बाहेरच्या खाण्याकडे वळतात, म्हणजे या पद्धतीचा जो मुख्य गुण तोच हातचा जातो.

या त्रासाच्या मुळाशी मला एक गोष्ट दिसते. कोरडी डाळ, तांदूळ, पीठ यांच्या रूपात असलेला पैसा थांबू शकतो. एखाद्या संध्याकाळी अचानक कोणाकडे जेवायला जावे लागले, तब्येत बरी नसल्याने भूक लागली नाही, घरातले एखादे माणूस गावाला गेले, तरी डब्यातले मसूर पुढच्या आठवड्यातही मसूरच राहतात. आठवड्याचा शिधा एका सकाळी शिजवून टाकला की ते सगळे पैसे नाशवंत होतात आणि पुढचे सगळे दिवस ठरल्याप्रमाणेच जावेत अशी अट आपण स्वतःवर घालून घेतो. ज्यांच्या हाताशी चार पैसे जास्त आहेत त्यांना ही अट मोडणे परवडते. ओढग्रस्तीच्या घरात दिवस ठरल्याप्रमाणे जाण्याची शक्यता मुळातच कमी असते, आणि म्हणून माझा कल रोजच्या रोज शिजवण्याकडे झुकला.

रोजच्या पद्धतीचा जाच आहेच, आणि तो म्हणजे आदल्या रात्रीची आठवण. हरभरा किंवा राजमा भिजत घालायचा राहिला की दुसऱ्या दिवसाचा बेत कोलमडतो. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा की न भिजवता शिजणारे काहीतरी घरात कायम ठेवावे. सालविरहित मसूर डाळ पंधरा-वीस मिनिटांत साध्या पातेल्यातही मऊ होते, अंडी त्याहून लवकर होतात, आणि याच काळात दुसऱ्या शेगडीवर भात उरकतो. अख्खी कडधान्ये मात्र रात्रभर भिजलेलीच बरी. भिजलेला दाणा नखाने दुभंगून पाहावा. मध्यभागी कोरडा, पिठूळ पांढरा ठिपका दिसला तर त्याला अजून वेळ हवा आहे, आणि तसाच शिजवला तर इंधन जास्त जाईल. फार जुने कडधान्य कितीही भिजवले तरी नीट मऊ होत नाही, म्हणून स्वस्त मिळाले तरी वर्षभराचे एकदम भरू नये. राजम्याच्या बाबतीत आणखी एक खबरदारी अनिवार्य आहे. त्यातल्या नैसर्गिक विषारी द्रव्यामुळे त्याचे भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात तो किमान दहा मिनिटे, शक्य तर अर्धा तास, खळखळून उकळावा. मंद आचेवर कोमटसर शिजवलेला राजमा कच्च्यापेक्षाही अधिक त्रास देऊ शकतो.

ज्यांच्याकडे भरवशाचा फ्रीझर आहे, जेवणारी माणसे ठरलेली आहेत आणि संध्याकाळी खरोखरच उभे राहण्याचे त्राण उरत नाही, त्यांनी माझ्या कलाकडे दुर्लक्ष करून एकदम शिजवण्याची पद्धत घ्यावी, असे मी मनापासून सांगेन. फक्त मोठे पातेले तसेच निवत ठेवू नये, कारण त्याच्या मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. अन्न उथळ डब्यांत एका जेवणापुरते विभागून गार करावे आणि प्रत्येक डब्यावर तारीख लिहावी.

बाकीच्यांनी रोज शिजवतानाही कडधान्य तेवढे दुप्पट लावायला हरकत नाही. अर्धे त्या रात्री खावे आणि उरलेले फोडणी न देता निवताच फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या भाजीबरोबर शिजवावे. इंधनाची बचत बऱ्याच अंशी पदरात पडते, चव बदलते, आणि डबा कधीचा आहे हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तो कालचाच असतो.